दिवा गिळणारी भिंत

सकाळी उठून पाहतात तो कोनाडाच नाही! आपली आपण दुरुस्त होणाऱ्या नव्या भिंतीनं, आबा घोगऱ्यांनी काल कोरलेला कोनाडा भगदाड समजून रातोरात बुजवला होता. आत होतं त्यांच्या वारलेल्या बायकोचं, चंद्राक्काचं, पितळी निरांजन.

“भवाने, दिवा गिळलास? ओक आधी!” आबांनी पहारच घातली. निरांजन निघालं, पण भिंत पुन्हा भरून येऊ लागली.

“आबा, ती तिचं काम करतेय,” सून शैला म्हणाली.

“मग मी माझं करतो!” आबांनी निरांजन पेटवून कोनाड्यात धरलं, हात कोपरापर्यंत आत. “आता मला गिळ बघू!”

जित्या माणसाला इजा करायची भिंतीला मुभा नव्हती. ती थबकली.

“आणि जेवायचं कसं?” शैलानं विचारलं.

“तू भरव! हात काढला, की ही सटवी तोंड मिटेल.”