न्यूमिसियाची बदनामी

न्यूमिसियानं नवऱ्याला विष घालून अख्खं रोम मुठीत घेतलं, ही आवई वीस वर्षांपूर्वी हेल्वियानंच उठवली होती. आपला नवरा कामाच्या निमित्तानं रोज त्या विधवेची पायरी चढतो, हे तिला बघवत नव्हतं. आज न्यूमिसियाच्या चितेजवळ तिच्या म्हाताऱ्या दासीनं हेल्वियाच्या हाती मेणाची जुनी पाटी दिली. “बाईसाहेबांनी जपून ठेवली होती. तुम्हालाच द्यायची म्हणाल्या.” पाटीवर हेल्वियाच्या नवऱ्याचं अक्षर होतं: ‘विषाची आवई माझ्याच बायकोनं उठवली आहे. तिला क्षमा असावी.’ म्हणजे त्या बाईला सगळं ठाऊक होतं. शेजारीण कुजबुजली, “गेली एकदाची नागीण.” “तिनं विष नव्हतं घातलं गं,” हेल्विया सगळ्यांदेखत म्हणाली. “मत्सरापायी मीच रचलं होतं ते.” हेल्वियानं नवऱ्याकडे पाहिलं. तो चितेकडे टक लावून बघत होता. आपल्याकडे त्यानं असं कधी पाहिलेलं तिला आठवेना.