शांत जागा नको

दुपारी दोन ते चार इमारतीखालची गिरणी बंद असते, म्हणून मी त्या जोडप्याला मुद्दाम तीनलाच फ्लॅट दाखवायला नेलं. साहेब परदेशी जहाजावर इंजिनरूममध्ये. चार महिन्यांच्या सुट्टीवर आलेले, आणि इकडे त्यांची इमारत पुनर्विकासाला गेलेली. सहा शांत, हवेशीर फ्लॅट त्यांनी नाकारले होते. हा माझ्याकडचा शेवटचा.

"हाही नको," साहेब जांभई देत म्हणाले. पण मॅडम स्वयंपाकघराचा ओटा न्याहाळत राहिल्या आणि चार वाजले. खाली पिठाची गिरणी सुरू झाली. फरशी थरथरली, खिडकीच्या काचा वाजू लागल्या. मी कपाळावर हात मारला. गेलं गिऱ्हाईक!

बाहेरच्या खोलीत आलो, तर साहेब भिंतीला टेकून चक्क घोरत होते.

"दहा दिवसांनी झोपलेत हो!" मॅडमचे डोळे भरून आले. "करार आणा."

सातला गिरणी थांबली, तसे साहेब दचकून उठले. "गिरणीला सुट्टी कधी असते?"

"सोमवारी," मी चाचरत सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"पण काळजी नको साहेब, शेजारी मिरची कांडप आहे ना! ते सोमवारीही धडधडतं."