कोंडलेला उजेड

"आईले आत बसव," खुशालराव सर अपेक्षाला म्हणाले. "पाहुणे येऊन राहिले. व्हरांड्यात डबा घेऊन बसलेली बाई बरी नाई दिसत."

आत म्हणजे जिन्याखालची खोली. आधी तिथे झाडू ठेवत. बाकीच्या संशोधकांना वर एसी प्रयोगशाळा, अपेक्षाला हे. तिने दाराला काळं कापड लावून घेतलं होतं.

दुर्गाबाई पातूरहून पहिल्यांदाच अमरावतीला लेकीचं काम पाहायला आली होती. तिला स्टुलावर बसवून अपेक्षाने काचेवर जांभळ्या दिव्याचा उजेड सोडला.

"काचेवर तारा हायेत, आई. केसाहून लय बारीक. त्या तारांत ठिपके. ठिपका मोठा असला तं लाल उजेड देते. तोच मसाला अजून लहान जागेत कोंडला, का निळा."

"मले तं काईच दिसत नाई."

"बसून राय. दिसन."

निळा उजेड निघणारच नाही, असं सर सुरुवातीपासून म्हणत. निघाला, तर पाहुण्यांना दाखवणार वरच्या प्रयोगशाळेतला किशोर. "तुह्या तोंडून इंग्रजी बी वऱ्हाडीच निंगते. तू मागं राय," सरांनी सांगितलं होतं. तेही वऱ्हाडीतच.

काम पाहायला आलेले पाहुणे भर उन्हातून थेट जिन्याखालच्या खोलीत आले. गॉगल काढले. किशोरने इंग्रजीत सुरुवात केली, काचेकडे बोट केलं. सगळे वाकले.

काळोख. नुसता काळोख.

एकाने मोबाईलचा उजेड मारला. डोळे दिपले, मग तर काहीच दिसेना.

"सॅम्पल गेलं वाटते, सर," किशोर पुटपुटला.

"मी म्हणतच होतो," सर पाहुण्यांना म्हणाले. "या मुलीचं काम असंच. निळा निंगतच नाई."

"हाये ना," कोपऱ्यातून आवाज आला. सगळे दचकले. आत कुणी बसलंय हे सरही विसरले होते.

"मले दिसते," दुर्गाबाई म्हणाली. हळू, झोपेत बोलावं तसं. "जवसाचं वावर निळं फुललं हाये. वारा सुटल्यावानी हालून बी राहिलं."

अपेक्षा किशोरच्या पुढे आली. पाहुण्याच्या हातातला मोबाईल तिने बंद केला, दार नीट लावलं, कापड ओढलं.

"बसा," ती म्हणाली. "उन्हातून आले तुमी. डोळ्याले अंधाराची सवय व्हायले येळ लागन."

अंधारात पाहुणे भिंत चाचपडत राहिले. दुर्गाबाईने उठून एकाचा हात धरला.

"इकडं या, भाऊ. सांभाळून. पायाशी डबा हाये."