जाड ऑइल

घमेल्यात उतरलेलं काळं ऑइल विलासने उन्हात जरा कलतं केलं, तर त्यात चांदीसारखा भुगा चमकला.

चांदी कसली, इंजिनच्या आतलं बेअरिंग झिजून त्याचा चुरा ऑइलात उतरला होता. महाप्याच्या कारखान्यात मशिनी सांभाळण्यात ज्याची निम्मी हयात गेली, त्याला हे कोणी समजावून सांगायला नको होतं. महिनाभर गाडी खटखट करत होती ती उगाच नव्हे. असं बेअरिंग एक दिवस जाम होतं आणि धावती गाडी जागच्या जागी अडकते. सपाट रस्त्यावर झालं तर चार शिव्या द्यायच्या आणि ढकलत न्यायची. घाटात, मागे ट्रकची रांग असताना झालं तर... विलासने पुढचा विचार केला नाही. विचार अर्ध्यावर सोडून देणं त्याला छान जमायचं.

त्याने घमेलं जिन्याखाली सरकवलं, इंजिनखालचा नट आवळला आणि पिशवीतून डबे काढले. चौऱ्याहत्तर सालच्या या छोट्या गाडीला लागतं ते ऑइल नेरूळच्या कुठल्याही पंपावर मिळालं असतं. पण विलास मुद्दाम तुर्भ्याला जाऊन ट्रकचं ऑइल घेऊन आला होता, काकवीसारखं जाड. जाड ऑइल खटखट दाबून धरतं. इंजिन चांगलं तापलं, ऑइल पातळ झालं, की आवाज परत येतो. पण तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात गेलेली असते. गाडी विकताना सगळेच असं करतात, हे त्याने सकाळी आंघोळ करताना स्वतःला पटवून दिलं होतं.

ऑइल भरून त्याने किल्ली फिरवली. गाडी मुकाट चालू झाली.

ती न्यायला दत्तूशेठ आले ते वाजतगाजतच. शिरवणे गावचा माणूस, घरातली पहिलीच गाडी. बरोबर बायको बयाबाई, दोन मुलगे, हार, नारळ, लिंबं. बयाबाईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मुलांनी चाकांखाली लिंबं ठेवली. विलासची बायको वैशाली आणि मुलगी अबोली पूजा बघायला खाली आल्या. वरच्या गॅलऱ्यांतूनही माणसं वाकून बघत होती.

दत्तूशेठने इंजिन चालू करून कान लावला.

"आवाज हाय का कुठं? देव्हाऱ्यावानी शांत ठेवलीय गारी तुमी, विलासभाऊ! पयली फेरी आता सरल कार्ल्याला, एकवीरा आईला."

"आजच? घाट आहे, दत्तूशेठ. आठवडाभर इथेच फिरवा. हात बसू दे."

"हात काय बसवाचा? जलमभर लोकांचा टेम्पो चालवलाय मी."

बयाबाई पुढे आली. "दादा, एक मागनं हाय. आमचे घरान नवे गारीन पयली पोरगी बसते, मंग बाकी सगले. लक्षुमीचा पाय लागतो. मना दोनी पोरगेच. तुमची अबोली नेऊ? सांजंला आनून सोरतो."

अबोली तोवर चपला घालून गाडीच्या दाराशी उभी होती.

"नको," विलास म्हणाला. "तिला गाडी लागते."

"कधी लागली?" वैशाली म्हणाली. "जाऊ दे की. इतक्या मायेने विचारतायत."

"उद्या शाळा आहे."

"अहो, मे महिन्यात कसली शाळा?"

सगळे हसले. विलासही हसला. त्याला भीती वाटत होती. एकच वाक्य बोलायचं होतं: गाडी नेऊ नका, बेअरिंग गेलंय. वाक्य अगदी जिभेवर आलं. पण समोर बयाबाई होती, वर गॅलऱ्या होत्या आणि शेजारी वैशाली नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. एवढ्या माणसांत लबाड ठरायचं? असं बेअरिंग कधी कधी वर्षभरही चालतं, त्याने स्वतःला सांगितलं. कारखान्यात त्याच्या हाताखालचा कोणी असं बोलला असता, तर विलासने त्याला उभा सोलला असता.

"खोपोलीला थांबून इंजिन गार करून घ्या," एवढंच त्याच्या तोंडून आलं. "आणि वर पोचलात की बूथवरून फोन करा."

"टेन्शन नका घेऊ," दत्तूशेठ म्हणाले.

बयाबाईने अबोलीला सगळ्यांत आधी गाडीत चढवलं आणि मग पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं. लिंबं चिरडत गाडी हलली. खिडकीतून एक छोटा हात बाहेर आला. "टाटा, पप्पा!"

विलास गेटपर्यंत धावला. गाडी कोपऱ्यावर हायवेच्या दिशेला वळत होती. त्याने जिवाचा कान केला. महिनाभर ज्या आवाजाने त्याची झोप उडवली होती, तो एकदा, आत्ता, कोपऱ्यावरच यावा म्हणून त्याने देवाला हात जोडले. दत्तूशेठ थांबतील. उतरून परत येतील. मग काय म्हणायचं ते म्हणू देत.

गाडी गुपचूप वळली आणि दिसेनाशी झाली.

मागे वैशाली हळदीकुंकवाचं ताट घेऊन जिन्याशी थांबली होती. खाली वाकून ती घमेल्यात बघत होती.

"अहो, यात काय चमकतंय हे? किती छान दिसतंय! अबोली असती तर तिला दाखवलं असतं."