पिवळी वायर

आईची नजर अधू झाली आणि ती दारांना, कपाटांना धडकायला लागली, तसा मुलाच्या जिवाला घोर लागला. त्याने छोट्या मायक्रोकंट्रोलरला सेन्सर जोडला आणि तो आईच्या काठीवर बसवला. समोर हातभर अंतरावर काहीही आलं की काठी पीं पीं करून घर डोक्यावर घ्यायची. आई चुकून बंद करेल, म्हणून त्याने बटण ठेवलंच नव्हतं.

पण ऑफिसमधून येऊन बघावं, तर सेन्सरची पिवळी वायर निघालेली! त्याने टेप गुंडाळली, सोल्डर केलं, वर गोंद ओतला. कामात लक्ष लागेना. आई कुठे आपटली तर नसेल, म्हणून सारखे घरी फोन. आज तर वायर चक्क कापलेली दिसली, आणि त्याचं डोकंच फिरलं.

"आई, अगं, कुणाचा हा उद्योग?"

"माझाच. तुझी चिंगी कुशीत शिरायला धावत येते ना, तर हा मेला तिलाही भिंतच समजतो. पोर बिचकून लांबच उभी राहते रे."