ताईचं प्रामाणिक मत

“हा नायक अगदीच मेंगळट,” ताई म्हणाली आणि तिनं लिफ्टवाल्याच्या गालाआड कापसाचा बोळा सरकवला. “रोज सकाळी बोटीच्या तिकीटखिडकीवर जायचं, तिकीट काढायचं, आणि बोटीत न बसता घरी यायचं. का, तर खिडकीत ती बसते. दोनशे पानं हेच. पैसे काय झाडाला लागतात?”

लिफ्टवाल्याच्या तोंडात आरसा, नळी आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटं होती. त्यानं भुवया उंचावल्या. मत द्यायला त्याच्याकडे तेवढंच मोकळं होतं.

ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. हत्यारं उकळायची, लाळ ओढणारी नळी धरायची, आणि वाचनालयातून आणून नुकत्याच वाचलेल्या प्रेमकादंबऱ्यांबद्दल आपलं मत सांगायची. हे शेवटचं काम पगारात बसत नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनी तिला कधी अडवलं नाही. ताई बोलू लागली की पेशंट ड्रिलचा आवाज विसरत. शिवाय त्या खुर्चीत बसून कुणाला वाद घालता येत नसे. या नायिकेला रडण्यापलीकडे धंदा नाही. तो डॉक्टर नायक अख्ख्या पुस्तकात एकदाही हात धूत नाही. त्या दोघांना कुणी वेळीच समोरासमोर बसवलं असतं, तर निम्मा कागद वाचला असता. आणि शेवट विचारलात तर सगळ्या पुस्तकांचा एकच, दोघं आपापल्या घरी.

चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, बोलायला फटकळ. सगळे पेशंट तिला ताई म्हणत, अगदी काठी टेकत येणारे आजोबासुद्धा. लिफ्टवाला मात्र पहिल्या दिवसापासून नुसत्या ‘अहो’वर भागवत होता. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं होतं. ताईच्या नव्हतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न राहूनच गेलं होतं. दिवसभर अंधाऱ्या उभ्या बोळात दोर आणि चाकं तपासायची, तिथं बोलणार कुणाशी? दाढ दुखते म्हणून तो आला आणि रूट कॅनालच्या दुसऱ्याच बैठकीनंतर दुखणं थांबल्याचं त्याला वाईट वाटू लागलं. तिकीटखिडकीची गोष्ट ताईनं त्याला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. शेवटच्या बैठकीत दाढेवर कॅप बसली. चूळ भरून झाल्यावर त्यानं विचारलं, “मग ती हो म्हणते का?”

“छे,” ताई म्हणाली. “या वयात असले चाळे करणाऱ्याला कोण हो म्हणेल? ती खिडकी लावून घेते, हा घरी जातो. बरोबरच आहे तिचं.”

त्यानं मान डोलावली. इथं येण्याचं कारणही त्या दिवशी संपलं. इमारतीत चांगली लिफ्ट होती, ती त्यानंच नीट केलेली, तरी तो जिन्यानं उतरला.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा खुर्चीत होता. “डावीकडे दुखतंय,” म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी एकेका दातावर ठोकून पाहिलं. इथं? नाही. इथं? नाही. दात सगळे ठणठणीत होते. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे, मग ताईकडे.

“मी जरा एक्स-रे बघून येते,” त्या म्हणाल्या. एक्स-रे काढलेलाच नव्हता.

ताईनं सवयीनं नळी पुढे केली. लिफ्टवाल्यानं ती हलकेच तिच्या हातातून काढून घेतली आणि हुकाला अडकवली. मग पिशवीतून एक कादंबरी काढली. मुखपृष्ठावर बोट होती.

“वाचनालयातून आणली,” तो म्हणाला. “वाचली. शेवट तुम्ही सांगितलात तसा नाहीये.”

ताईनं ट्रेमधले चिमटे उगीचच सरळ केले.

“आणि ही तुमची खूण त्यातच राहिली होती.” पेशंटच्या गळ्यात बांधायच्या निळ्या कागदाचा तो तुकडा होता. “शेवटाच्या जरा अलीकडे.”

खोटं बोलणं ताईला जमत नसे. “शेवटची पानं मी वाचतच नाही,” ती म्हणाली. “कुठल्याच पुस्तकाची नाही. तिथं सगळ्यांचं भलं होतं. मग पुस्तक मिटलं की घर जास्तच रिकामं वाटतं. त्यापेक्षा मी आधीच थांबते आणि शेवट माझा मी लावून टाकते.”

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून टाकल्यावर तिला हलकं वाटलं. ऐकणारे तिला रोज भेटत. पुस्तक मिळवून, वाचून, उत्तर द्यायला आलेला हा पहिलाच.

“मला मात्र दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून ठेवलंत,” लिफ्टवाला म्हणाला.

ताईला हसू आलं. तिनं पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही.

“म्हणजे हो म्हणते ती?”

“हो.”

“त्या मेंगळटाला? काय बघून?”

लिफ्टवाल्यानं घसा खाकरला.

“तो विचारतो म्हणून.”

आत हात धुण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला. डॉक्टरीणबाई काही बाहेर आल्या नाहीत. ताईनं पुस्तक ट्रेवर ठेवलं, हातातले मोजे काढले आणि डॉक्टरीणबाईंचं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

“मग विचारा की,” ती म्हणाली.