आतून पुसलेली काच

वडील निंबानाना गेल्यावर त्यांचा डबा आणि चपला न्यायला नूतन भडगावच्या सोडा कारखान्यात आली. तिथलं बाटल्या धुण्याचं मशीन त्यांनी जन्मभर सांभाळलं होतं.

त्यांच्या जागी आलेल्या समाधानने थंड सोडा पुढे केला. तिने नकळत ओढणीने बाटलीचं तोंड पुसलं.

"नानाना मशीननी बाटली शे ना, ताई! ती बी पुसस का?"

नानांच्या मशीनमधली बाटलीही ती पुसते म्हणून समाधान हसला, बाकीचेही हसले. नूतनची मान खाली गेली. नाना घरी आणत त्या बाटल्याही ती त्यांच्यादेखत अशीच पुसायची. ते नुसते काचेवरून अंगठा फिरवत.

नजर चुकवायला ती मशीनकडे वळली. वाफेतून निघालेल्या बाटल्या पट्ट्यावरून येत होत्या, धुरकटलेल्या. एका बाटलीवर अंगठ्याएवढी जागा स्वच्छ होती. तिने काच बाहेरून चोळून पाहिली. वाफ आतून पुसलेली होती.

पुढच्या बाटलीतही. त्यापुढच्याही. आणि प्रत्येकीची ती स्वच्छ जागा नूतनकडेच वळलेली होती.

ओढणीचं टोक अजून तिच्या मुठीत होतं. तिने ते झटकन पाठीमागे लपवलं.

पाठीमागे रचलेल्या बाटल्यांच्या खोक्यांतून, ओल्या काचेवर अंगठा फिरावा तसा, बारीक आवाज येऊ लागला.